घर एकटे पुरत नाही

टाळेबंदीच्या काळात निघालेले आदेश आज ओळीने वाचायला घेतले, तर त्यांत मुले शोधावी लागतात. दूध, किराणा, औषधे, बँका, शेतमालाची वाहतूक, खतांची दुकाने अशा प्रत्येक गोष्टीला नियम आहे, वेळ आहे, पास आहे. शाळांचे नाव ‘बंद राहतील’ या यादीत आहे. मुलांनी काय करावे हे केंद्रीय गृह मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत येते, तेही एका वाक्यात. ६५ वर्षांवरील व्यक्ती, सहव्याधी असलेले रुग्ण, गर्भवती स्त्रिया आणि १० वर्षांखालील मुले यांनी अत्यावश्यक व आरोग्याच्या कामाखेरीज घरातच राहावे, एवढेच ते वाक्य सांगते. त्यामागे काळजी होती यात शंका नाही. विषाणू नवा होता, तो कोणाला किती ग्रासेल हे कोणाला ठाऊक नव्हते. पण काळजीबरोबर त्या वाक्यात एक गृहीतकही होते. मुलाला घर मिळाले की त्याला लागणारे बहुतेक सारे मिळाले, आणि बाहेरचे जे काही आहे ते काही महिने, गरज पडली तर काही वर्षे, थांबवता येते, असे ते गृहीतक.

या अंकासाठी संपादकांनी ‘घर’ हा विषय दिला, तेव्हा त्या गृहीतकाचे पुढे काय झाले हे पाहणे मला सर्वांत गरजेचे वाटले. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, पण महाराष्ट्रातल्या शाळा त्याआधीच, मार्चच्या मध्याला बंद झाल्या होत्या. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग पुन्हा भरले ते १५ डिसेंबर २०२१ रोजी. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल पहिल्यांदा वर्गात पाऊल टाकते झाले, तेव्हा त्याची दुसरीही निम्मी सरली होती. एवढ्या काळात मुलांच्या मनावर काय परिणाम झाला याची चर्चा आपण केली, पण ती बहुधा समुपदेशन, मोबाइलचे व्यसन आणि पालकांसाठीच्या सूचना यांपुरती राहिली. माझे म्हणणे वेगळे आहे. त्या काळात मुलांना जे झाले त्याचे मूळ त्यांच्या मनाच्या दुबळेपणात नव्हते आणि बहुतेक घरांत ते आईबापांच्या हलगर्जीपणातही नव्हते. मूल वाढवण्याचे काम घराने एकट्याने कधीच केलेले नाही. शाळा, गल्ली, अंगणवाडी, मैदान, शेजार यांच्या आधारावर घर उभे असते. तो आधार एकाच दिवशी काढून घेतला, आणि त्याच्या जागी दुसरे काही ठेवले नाही.

शाळेची न लिहिलेली कामे

शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अभ्यास येतो. म्हणून शाळा बंद झाल्यावर सगळी धडपड अभ्यास घरी कसा पोचवायचा याची झाली. पण शाळा मुलासाठी आणखी बरेच काही करत असते आणि ते कोणत्याही वेळापत्रकात लिहिलेले नसते. पहिले काम दिवसाला आकार देण्याचे. ठरलेल्या वेळी उठायचे, आंघोळ करायची, प्रार्थना, तास, मधली सुट्टी, घरी परतणे. ज्या घरात वडिलांचे काम हंगामी आहे आणि आईच्या धुण्याभांड्याच्या घरांना सुट्टी नाही, तिथे मुलाच्या दिवसातली सर्वांत स्थिर गोष्ट शाळेची घंटा असते. लहान मुलाला सुरक्षित वाटते ते पुढे काय घडणार हे ठाऊक असल्यामुळे. तो अंदाज गेला की चिंता येते, आणि ती शब्दांत येत नाही. बालरोगतज्ज्ञांना तिची लक्षणे जुन्या ओळखीची आहेत. दोन-तीन वर्षांपूर्वी बंद झालेले बिछाना ओला करणे पुन्हा सुरू होते, मूल आईच्या पदराला चिकटते, अंगठा तोंडात जातो, एकटे झोपायला नकार मिळतो. थोड्या मोठ्या मुलांत चिडचिड वाढते, डोके दुखते, पोट दुखते, आणि तपासणीत काहीच सापडत नाही. ‘मला भीती वाटते’ असे सात वर्षांचे मूल क्वचितच म्हणते. ते ‘पोटात दुखतंय’ म्हणते.

शाळेचे दुसरे काम घराबाहेरचा एक मोठा, ओळखीचा माणूस मिळवून देण्याचे. शिक्षिका वर्गात हजेरी घेते तेव्हा नकळत ती मुलांची तपासणीही करत असते. कोण गप्प आहे, कोणाच्या हातावर वळ आहे, कोण तीन दिवस आलेले नाही, कोणी डबा आणलेला नाही हे तिला दिसते. तिसरे काम समवयस्कांचे. आईबाप कितीही प्रेमळ असले तरी त्यांच्याशी कट्टी घेता येत नाही आणि बट्टीही करता येत नाही. हरणे, रुसणे, डाव मोडणे, दुसऱ्या दिवशी काहीच झाले नसल्यासारखे पुन्हा खेळायला जाणे, या साऱ्यांतून मूल आपला राग आणि आपले दुःख आवरायला शिकते. हा धडा मोठ्यांकडून मिळत नाही, कारण मोठी माणसे मुद्दाम हरतात किंवा अधिकाराने थांबवतात. चौथे काम पोषण आहाराचे. शाळा बंद होताच या ताटाचे काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२० रोजी स्वतःहून हाती घेतला. महाराष्ट्रात तांदूळ आणि कडधान्य घरी देण्याची व्यवस्था झाली. ती आवश्यक होतीच. पण घरी आलेला तांदूळ घराच्या पातेल्यात जातो आणि सगळ्यांत वाटला जातो, आणि ज्या घराची मजुरी बंद आहे तिथे तसेच व्हायला हवे होते. मुलाच्या नावाचे, मित्रांच्या रांगेत बसून खायचे, रोजचे हमखास ताट मात्र गेले. भूक आणि मन हे वेगळे विषय आहेत असे मानणाऱ्याने उपाशी मुलाची चिडचिड पाहिलेली नसावी.

किशोरवयीनांचे वेगळे. या वयात घरापासून थोडे दूर सरकणे हीच वाढ असते. मैत्रिणीबरोबर सायकलवरून शाळेत जाणे, कट्ट्यावर थांबणे, घरी न सांगायच्या गोष्टी कोणाला तरी सांगणे यांतून ते घडते. चाळीतल्या किंवा वस्तीतल्या एका खोलीत पाच-सहा माणसे दिवसरात्र असतील, तर या वयाच्या मुलीला रडायलाही जागा उरत नाही. मग रात्र हीच तिची खोली होते. सगळे झोपल्यावर मोबाइल हाती घ्यायचा, पहाटे तीनला झोपायचे, दुपारी उठायचे. आपण त्याला व्यसन म्हटले. त्यातला बराच भाग एकांताचा आणि सोबतीचा शोध होता, आणि ती सोबत त्या वेळी दुसरीकडे कुठे मिळत नव्हती.

एक मोबाइल, तीन मुले

शाळेला पर्याय म्हणून मोबाइल आला. तो किती घरांत आणि कसा पोचला हे ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले. १५ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत सुमारे १,४०० मुलांच्या घरी जाऊन केलेली ती पाहणी होती. ग्रामीण भागात नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले फक्त ८ टक्के आढळली, आणि ३७ टक्के मुले अजिबात शिकत नव्हती. शहरातल्या वस्त्यांत नियमित ऑनलाइन शिकणारी २४ टक्के होती. घरात स्मार्टफोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत केवढे अंतर आहे, हेही त्या पाहणीने दाखवले.

हे अंतर घरात कसे पडते ते पाहायला हवे. फोन वडिलांचा असतो आणि वडील कामावर गेले की फोनही जातो. संध्याकाळी तो येतो तेव्हा नेट पॅक संपत आलेला असतो. मग पाळी लागते. दहावीतला मुलगा आधी, कारण त्याचे वर्ष महत्त्वाचे. मग मधला. धाकटीच्या वाट्याला शिक्षिकेने सकाळी पाठवलेला व्हिडिओ रात्री साडेनऊला येतो, तेव्हा तिचे डोळे मिटत असतात. डोंगराळ भागात रेंजसाठी टेकडी चढावी लागते, आणि मुलीला एकटीने टेकडीवर पाठवायला घर तयार नसते. शहरातल्या मुलाचा त्रास आणखी वेगळा. कॅमेरा सुरू केला की मागे वाळत घातलेले कपडे, झोपलेले आजोबा, चाललेले भांडण सगळ्या वर्गाला दिसते. शाळेच्या गणवेशाने जे झाकले होते ते पडद्यावर उघडे पडले. कॅमेरा आणि आवाज दोन्ही बंद ठेवून बसणारे मूल आळशी आहे असे समजले गेले, पण त्यातली कित्येक मुले लाजत होती.

फोन नसलेल्यांसाठी काही चांगले प्रयत्न झाले. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांना घर-परिसरातल्या वस्तू वापरून शिकता यावे अशी तिची रचना होती आणि तिला इंटरनेट लागत नव्हते. ज्या घरांत फक्त टीव्ही होता त्यांना तिने हात दिला, याचे श्रेय द्यायलाच हवे. तरीही टीव्हीची एक मर्यादा कोणी ओलांडू शकत नाही. समोर बसलेले मूल आज उदास आहे हे त्याला कळत नाही.

मागे पडण्याची लाज पुढे शाळा उघडल्यावर आणखी दाट झाली. ‘असर’ या देशव्यापी पाहणीत २०१८ साली तिसरीतल्या २७.३ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता, तो आकडा २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आला. हा शिक्षणाचा आकडा म्हणून सांगितला जातो. तो मनाचाही आहे. चौथीत बसलेल्या मुलाला अक्षरे लागत नाहीत तेव्हा ते मागच्या बाकावर सरकते, वही लपवते, शाळेच्या दिवशी त्याचे पोट दुखते, आणि हळूहळू ‘मला येतच नाही’ हे त्याचे स्वतःबद्दलचे मत बनते. मोठ्या मुलांच्या वाट्याला हीच गोष्ट निराळ्या रूपात आली. २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला. २०२१ मध्ये संपूर्ण परीक्षाच रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर ९९.९५ टक्के निकाल लागला. परीक्षा रद्द करणे त्या परिस्थितीत योग्यच होते. पण वर्षभर राबलेल्या मुलांना आपले श्रम मोजले गेले नाहीत असे वाटले, आणि पुढे कॉलेजात, नोकरीच्या मुलाखतीत ‘कोरोना बॅच’ हा शिक्का त्यांना चिकटला. मोठ्यांनी तो सहज वापरला. सोळा वर्षांच्या मुलाला तो सहज घेता येत नाही.

दाराआड

घर सुरक्षित आहे हे गृहीतक सर्वांत आधी मोडले ते १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर. २० ते ३१ मार्च २०२० या अकरा-बारा दिवसांत तिथे आलेल्या सुमारे ३ लाख ७ हजार कॉलपैकी सुमारे ९२ हजार कॉल हिंसा आणि अत्याचारापासून संरक्षण मागणारे होते. घरातली मारहाण टाळेबंदीने जन्माला घातली नाही, असा आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. पण पूर्वी मारहाणीनंतर सकाळ होत असे आणि मूल शाळेत जात असे. सहा तासांची सुटका होती, विचारणारी बाई होती, शेजारच्या काकूंचे दार उघडे होते. टाळेबंदीत मारणारा आणि मार खाणारा एकाच खोलीत चोवीस तास कोंडले गेले, त्यांत मजुरी बुडाल्याचा ताण आणि पुढे दारूची दुकाने उघडल्यावर त्यांचीही भर. फोन करायचा तर तोही बहुधा त्याच माणसाच्या खिशात.

ऊसतोड मजुरांच्या मुलांना तर ‘घरात राहा’ या सूचनेचा अर्थच नव्हता. त्यांचे त्या वेळचे घर म्हणजे कारखान्याच्या परिसरातली किंवा उसाच्या फडाजवळची कोपी, तात्पुरती झोपडी. हंगाम संपत आलेला, गावाच्या सीमा बंद, आणि राज्यभरात सव्वा लाखाहून अधिक मजूर अडकलेले. एप्रिल २०२० च्या मध्यानंतर सरकारने त्यांना तपासणी करून गावी जाऊ देण्याचे ठरवले. परतलेल्यांना कित्येक गावांत जिल्हा परिषदेच्या शाळेतच विलगीकरणात ठेवले गेले. मुलांच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो? जी इमारत त्यांची होती, ती आता आजाराची जागा झाली, आणि ज्या गावात ती परतली त्याच गावाने त्यांच्याकडे संशयाने पाहिले. हे मजूर ज्या पट्ट्यातून येतात तिथे मुलींची लग्ने लवकर होण्याची जुनी दुखरी रीत आहे. लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली आणि खर्च उतरला. शाळा बंद, आईबाप पुन्हा फडावर जाणार, वयात आलेली मुलगी गावी एकटी कशी ठेवायची, या विचाराने कित्येक घरांनी उरकून टाकले. अशा मुलीच्या बाबतीत मानसिक आरोग्याचा प्रश्न शाळा बंद राहण्यापासून वेगळा काढता येत नाही.

आणि मृत्यू. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दिलेल्या माहितीनुसार, एप्रिल २०२० पासून देशात १,४७,४९२ मुलांनी आई, वडील किंवा दोघे गमावले होते. दोघेही गेलेली मुले १०,०९४ होती. उरलेल्यांत बहुतेक सारी एक पालक गमावलेली. महाराष्ट्राने दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे ५ लाख रुपयांची ठेव जाहीर केली, बालसंगोपन योजनेतून दरमहा मदत सुरू केली. हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरोना एकल महिलांच्या पुनर्वसनासाठी गावोगाव जाळे उभे केले आणि राज्य सरकारच्या ‘मिशन वात्सल्य’मधून तालुका पातळीवर कागदपत्रांची कामे मार्गी लागू लागली. हे महत्त्वाचे आहे, कारण वडील गेलेल्या घरात मुलाचे मन आईच्या हाती पैसा आहे की नाही यावर टेकलेले असते.

मात्र दुःखाचा एक भाग योजनेत बसत नाही. आपल्याकडे मृत्यू घरात घडतो तेव्हा माणसे जमतात, रडतात, बोलतात, दहा-तेरा दिवस घर भरलेले राहते. मुलाला मृत्यू समजतो तो या जमण्यातून. करोनात वडील रुग्णवाहिकेतून गेले आणि परत आलेच नाहीत. चेहरा पाहता आला नाही, नातेवाईक दारात आले नाहीत, शेजाऱ्यांनी खिडक्या लावल्या. लहानग्याला ‘बाबा गावाला गेलेत’ असे सांगून वेळ मारून नेली गेली. पुढे आई कामाच्या शोधात, कर्जाच्या हप्त्यांत, सासरच्या जमिनीच्या वादात अडकली, आणि बारा वर्षांच्या थोरल्याने घरातल्या कर्त्याची जागा घेतली. शहाणा झाला, असे सगळे म्हणाले. त्याने रडणे पुढे ढकलले होते. असे ढकललेले दुःख दोन-तीन वर्षांनी अभ्यासातून मन उडणे, मारामारी किंवा सुन्नपणा या रूपांत वर येते, आणि तोवर त्याचा करोनाशी संबंध कोणाच्या लक्षातही राहत नाही.

आकडे आणि आक्षेप

या साऱ्यावर एक रास्त प्रश्न असा की हे निरीक्षण झाले, पुरावा काय? पुरावा आहे, पण तो जपून वाचावा लागतो. चीनच्या हुबेई प्रांतात दुसरी ते सहावीच्या १,७८४ विद्यार्थ्यांनी पाहणीला उत्तरे दिली, तेव्हा ती मुले सरासरी ३३.७ दिवस घरात होती. त्यांतल्या २२.६ टक्क्यांत नैराश्याची, १८.९ टक्क्यांत चिंतेची लक्षणे दिसली. पंडा आणि सहकाऱ्यांनी १५ अभ्यासांतल्या २२,९९६ मुलांची माहिती एकत्र केली, त्यांत चिडचिडेपणा ४२.३ टक्के आणि चिंता ३४.५ टक्के आढळली. हे आकडे प्रश्नावलीवरचे आहेत, डॉक्टरांच्या निदानाचे नाहीत. ‘गेल्या आठवड्यात वाईट वाटले का’ याला हो म्हणणारे प्रत्येक मूल रुग्ण नसते. शिवाय अशी बरीच पाहणी इंटरनेटवरून झाली, म्हणजे ज्यांच्याकडे फोनच नव्हता ती मुले तिच्यात आलीच नाहीत. आकडा एका अंगाने फुगलेला असेल, तर दुसऱ्या अंगाने तो अपुराही आहे.

म्हणून मला अधिक बोलका वाटतो तो कॅनडातल्या रासीन आणि सहकाऱ्यांचा २०२१ मधला अभ्यास. त्यांनी जगभरचे २९ अभ्यास आणि ८०,८७९ मुले तपासली. साथीआधी सुमारे १२.९ टक्के असलेली नैराश्याची लक्षणे २५.२ टक्क्यांवर आणि ११.६ टक्के असलेली चिंतेची लक्षणे २०.५ टक्क्यांवर गेलेली दिसली, म्हणजे जवळपास दुप्पट. त्याहून मोलाची गोष्ट अशी की साथ जसजशी लांबली तसतसे उशिराच्या पाहण्यांतले प्रमाण वाढत गेले. ‘मुलांना सवय होते, ती लवकर सावरतात’ या आपल्या लाडक्या समजुतीला हे थेट उत्तर आहे. मुले सावरतात हे खरेच आहे. पण सावरण्यासाठी त्यांना जे लागते, म्हणजे खेळ, सोबती, ठरलेला दिवस, विश्वासाचा मोठा माणूस, तेच बंद ठेवून त्यांच्याकडून सावरण्याची अपेक्षा करता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की काही मुले घरी खूश होती. शाळेत ज्यांची टर उडवली जाते, ज्यांना मारले जाते, जातीवरून टोमणे ऐकावे लागतात, त्यांना शाळा बंद होणे ही सुट्टीच होती. ज्यांच्या आईवडिलांना घरून काम होते, पगार चालू होता, वेगळी खोली होती, त्यांना आईवडिलांचा कधी न मिळालेला सहवास मिळाला. हे मान्य करायला हवे, आणि त्यातून दोन गोष्टी घ्यायला हव्यात. पहिली ही की शाळा उघडणे पुरेसे नाही, ती मुलाला भीती न वाटेल अशी असायला हवी. दुसरी ही की घर पुरले ते जागा, पैसा आणि वेळ या तिन्ही गोष्टी असलेल्यांना. असा अनुभव थोड्यांचा होता आणि धोरणे ठरवणाऱ्यांतले बरेच जण त्याच थोड्यांतले होते.

तिसरा आक्षेप खेड्यातून आणि वस्तीतूनही येतो, की आमच्या मुलांना मनाचे आजार परवडत नाहीत, हे श्रीमंतांचे चोचले. युनिसेफ आणि गॅलप यांनी २१ देशांत १५ ते २४ वयाच्या तरुणांना विचारले, तेव्हा मानसिक त्रासात मदत घेणे चांगले असे म्हणणारे सरासरी ८३ टक्के होते. भारतात ते फक्त ४१ टक्के होते. मात्र याच देशात दर सात तरुणांपैकी एकाने आपल्याला वारंवार उदास वाटते असे सांगितले. म्हणजे त्रास आहे, तो बोलायची सोय नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत विद्यार्थ्यांच्या आत्महत्या २०१९ मध्ये १०,३३५ होत्या, २०२० मध्ये १२,५२६ आणि २०२१ मध्ये १३,०८९. त्या २०२१ सालात महाराष्ट्राची संख्या १,८३४, देशात सर्वाधिक. कोणत्याही आत्महत्येला एकच कारण नसते आणि ही वाढ टाळेबंदीच्या खात्यावर टाकणे चुकीचे ठरेल. पण ज्या राज्याचे हे आकडे आहेत तिथे मुलांच्या मनाला चोचला म्हणण्याचा अधिकार कोणाला उरत नाही.

जिथे धागा तुटला नाही

पालघर जिल्ह्यात जव्हारच्या भागातल्या दांडवळसारख्या पाड्यांवर २०२० च्या पावसाळ्यात दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ चालवली. रेंज नाही, फोन नाही, वर्ग भरवायला परवानगी नाही. तेव्हा आधी ध्वनिमुद्रित केलेले धडे घेऊन कार्यकर्ते स्पीकर उचलून पाड्यावर जात, मुले मोकळ्या जागेत अंतर राखून बसत आणि ऐकत. सोलापुरात नीलमनगरच्या कामगार वस्तीत शाळेने सुमारे तीनशे घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. अक्षरे, गणिते, विज्ञानाची चित्रे गल्लोगल्ली लागली, आणि मुले दोन-तीनच्या गटाने भिंतीपुढे उभी राहून वाचू लागली. राज्यात अनेक शिक्षकांनी कोणाच्या आदेशाची वाट न पाहता ओट्यावर, देवळाच्या पारावर, झाडाखाली पाच-पाच मुलांना गोळा केले.

या प्रयोगांची बातमी झाली ती शिक्षणातली कल्पकता म्हणून. मला त्यांचे महत्त्व दुसरीकडे दिसते. स्पीकरवरून किती गणित पोचले असेल याचा हिशेब मांडला तर तो कदाचित थोडाच भरेल. पण ठरलेल्या वेळी घराबाहेर पडायचे होते, ओळखीचे कोणी तरी येणार होते, शेजारी आपल्याएवढे मूल बसणार होते, आणि आपण आलो नाही तर कोणाच्या तरी लक्षात येणार होते. शाळेची न लिहिलेली कामे थोड्या प्रमाणात का होईना, पुन्हा सुरू झाली होती. हे करायला महागडे साहित्य लागले नाही. मुलांपर्यंत जायचे आहे असे ठरवणारी माणसे लागली. आणि इथेच राज्यव्यवस्थेची एक निवड खटकते. त्याच काळात हजारो शिक्षक तपासणी नाक्यांवर, रेशन दुकानांवर, घरोघरच्या सर्वेक्षणांत जुंपले गेले होते. त्या कामांची गरज होती. पण मुलांना ओळखणारा जो एकमेव मोठा माणूस सरकारी नोकरीत आहे, त्याला आपण मुलांपासून दूर नेले.

उघडण्याचा क्रम

जीव आधी, बाकी सगळे नंतर, हा सर्वांत मोठा आक्षेप. पहिल्या काही महिन्यांत आणि नंतर एप्रिल-मे २०२१ मध्ये, प्राणवायूसाठी माणसे वणवण फिरत होती तेव्हा, शाळा बंद ठेवण्याला मी चूक म्हणणार नाही. प्रश्न मधल्या आणि नंतरच्या महिन्यांचा आहे. महाराष्ट्रात मॉल ५ ऑगस्ट २०२० रोजी उघडले. हॉटेले आणि बार ५ ऑक्टोबरला. मंदिरे १६ नोव्हेंबरला. त्यानंतर आठवड्याने, २३ नोव्हेंबरला, नववी ते बारावीचे वर्ग, तेही सगळीकडे नाही. पहिली ते चौथीच्या मुलांना ग्रामीण भागातही १ डिसेंबर २०२१ पर्यंत थांबावे लागले, आणि जानेवारीत ओमायक्रॉन आला तेव्हा सर्वांत आधी पुन्हा शाळाच बंद झाल्या. या क्रमामागे रोगशास्त्र होते का? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जून-जुलै २०२१ मधल्या चौथ्या रक्त-सर्वेक्षणात ६ ते ९ वयाच्या ५७.२ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडे आढळली. देशातल्या बहुतेक प्राथमिक शाळा त्याआधीच्या सव्वा वर्षात बहुतांश काळ बंद असताना निम्म्याहून अधिक लहान मुलांना विषाणूने गाठले होते, ते घरात राहूनच. त्याच जुलैत परिषदेच्या महासंचालकांनी शाळा उघडायच्या तर प्राथमिकपासून सुरुवात करणे योग्य, असे सांगितले. आपण उलट क्रमाने गेलो, वरून खाली.

असे का झाले याचे उत्तर कटू असले तरी अवघड नाही. हॉटेलमालकांच्या संघटना आहेत, व्यापाऱ्यांच्या आहेत, मंदिरांसाठी आंदोलने झाली. दहावी-बारावीला परीक्षा आहे आणि परीक्षेमागे मध्यमवर्गाचा आवाज आहे. सहा वर्षांच्या मुलाची संघटना नसते. त्याच्या वतीने बोलायचे ते पालकांनी, आणि पालक भ्यालेले होते. भीतीच्या काळात मूल घरात ठेवणे हा पालकाचा नैसर्गिक कल असतो, त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. म्हणूनच तो निर्णय पालकांच्या संमतिपत्रावर न ढकलता, पुराव्याच्या आधारे शासनाने घ्यायला हवा होता.

आपत्तीच्या आराखड्यात एक पान

पुढची आपत्ती विषाणूचीच असेल असे नाही. पूर असेल, उष्णतेची लाट असेल, हवेचे प्रदूषण असेल. दिल्लीत प्रदूषण वाढले की शाळा बंद करण्याची सवय आधीच लागली आहे. शाळा बंद करणे हा प्रशासनासाठी सर्वांत सोपा आणि बिनखर्चाचा दिसणारा उपाय असतो, कारण त्याचा खर्च मुलांच्या मनावर पडतो आणि तो कुठल्या ताळेबंदात दिसत नाही. म्हणून काही गोष्टी आधी लिहून ठेवायला हव्यात. शाळा आणि अंगणवाड्या सर्वांत शेवटी बंद होतील, सर्वांत आधी उघडतील, आणि त्यांतही लहान वर्ग आधी. निर्णय राज्याचा एकच नसेल. ज्या गावात रुग्ण नाही त्या गावाची शाळा शहरातल्या रुग्णसंख्येसाठी बंद राहणार नाही. बंद करावीच लागली तर मुलांना रोज बाहेर पडायचा हक्क असेल. स्पेनने आपल्या अतिशय कडक टाळेबंदीत सहा आठवडे मुलांना घरात ठेवले, पण २६ एप्रिल २०२० पासून १४ वर्षांखालील मुलांना मोठ्या माणसाबरोबर रोज एक तास बाहेर जाऊ दिले. आपल्याकडे असा विचार कागदावरही आला नाही. आणि प्रत्येक मुलापर्यंत दर आठवड्याला एक ओळखीचा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका पोचेल, याची जबाबदारी ठरलेली असेल. ते काम सोडून त्यांना दुसऱ्या कामाला लावता येणार नाही.

मानसोपचाराची गरज असलेली मुले आहेत आणि राहतील. पण देशात दर लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ एकही पुरता नाही, पाऊणच आहे. बालमनाचे जाणकार त्याहून विरळ. २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक सुरू आहे, जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्याचा कार्यक्रम आहे, किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. त्यांचा उपयोग तेव्हाच होतो जेव्हा कोणी तरी मुलाला ओळखून तिथवर नेते. ते ओळखणारे डोळे शिक्षकाचे, आशाताईंचे, अंगणवाडीताईंचे असतात. त्यांना थोडे प्रशिक्षण आणि मुलांसोबत राहायला मोकळा वेळ देणे, हे दर तालुक्याला एक समुपदेशक नेमण्यापेक्षा लवकर होईल आणि दूरवर पोचेल. टाळेबंदीत जी मुले पहिली-दुसरीत होती ती आज मोठ्या वर्गांत बसली आहेत, ज्यांचे वडील गेले त्यांतली काही आज दहावीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्या वर्गशिक्षकाला हे ठाऊक असणे आणि त्याने एकदा बाजूला बसवून विचारणे, हे काम आजही राहिलेले आहे आणि त्यासाठी पुढच्या साथीची वाट पाहायची गरज नाही.

टाळेबंदी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली लागू झाली होती. त्याच कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्याला आपला आपत्ती आराखडा असतो आणि तो वेळोवेळी सुधारायचा असतो. त्यात बोटी किती, रुग्णवाहिका किती, धान्याचा साठा किती याची नोंद असते. त्यात आणखी एक पान हवे. या जिल्ह्यात मुले किती, शाळा बंद पडली तर कोणत्या मुलापर्यंत कोण जाईल, ती कुठे खेळतील, आणि शाळा किती दिवसांत उघडेल, याचे. दूध आणि औषधे अत्यावश्यक सेवांत येतात, कारण त्यांच्यावाचून घर चालत नाही हे आपल्याला समजते. मुलाच्या बाबतीत घराबाहेरची माणसे आणि जागाही त्याच यादीत येतात. ग्रामसभेत, आणि जिल्हा परिषदेतल्या व शाळा व्यवस्थापन समितीतल्या आपल्या प्रतिनिधीकडे, हे पान मागण्याचा अधिकार प्रत्येक पालकाला आहे. तो वापरायची योग्य वेळ शाळा उघड्या असतानाचीच आहे.